मुकादमसाठी स्थळ

२ नोव्हेंबर, रविवार

आमची लेक गार्गी पुण्याला परत गेली. कुत्रा इथेच. दिवाळीत आठ दिवसांसाठी म्हणून आणला होता, आज चौदावा. निघताना त्याने तिची ओढणी धरून ठेवली. फ्लाइट चुकता चुकता राहिली.

प्रकरण असं. वर्धा रोडवरच्या कुठल्या तरी अपार्टमेंटमधले भाडेकरू सामान घेऊन गेले आणि ह्याला पार्किंगमध्ये बांधून गेले. तेव्हापासून ह्याची एकच सवय. घरात येणाऱ्याला काही करत नाही, बाहेर जाणाऱ्याला जाऊ देत नाही. चावत नाही. कपडा दातात धरतो आणि बसून राहतो. गार्गीच्या ओळखीच्या संस्थेने आधी पिंजऱ्यात ठेवला होता. तिथे दिवसभर माणसांची येजा. ह्याने खाणंच सोडलं. म्हणून आमच्या गळ्यात.

बायकोने, अरुंधतीने, मुदत दिली: ३१ डिसेंबर. तोवर घर शोधा, नाहीतर संस्थेत परत. तिला रोज कॉलेजच्या ऑफिसात उशीर होतो आणि कुत्रा सोडत नाही हे कारण मस्टरमध्ये लिहिता येत नाही. मी म्हटलं, दोन महिने कशाला, पंधरा दिवस पुरे. सिंचन विभागात असताना मी सात लग्नं जमवली. त्यातली चार अजून चालू आहेत.

कागदोपत्री त्याचं नाव कुकी. मी मुकादम ठेवलं. दाराशी बसून हजेरी घेतो.

३ नोव्हेंबर, सकाळी ५.४०

संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. मुकादमने पायजमा धरला. उद्या.

४ नोव्हेंबर

बायोडाटा तयार केला. स्वभाव: प्रेमळ, माणसांची आवड, पाहुण्यांना आग्रहाने थांबवून घेणारा. एक अक्षर खोटं नाही. सगळं उघड सांगत बसलं तर जगात कोणाचंच लग्न व्हायचं नाही. अपेक्षा: सुशिक्षित कुटुंब, स्वतःचं घर, गच्ची असल्यास उत्तम.

स्वयंपाकाच्या शोभाताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, काकाजी, काहून एवढा ताप करून राहिले, माह्या भावाकडे देऊन टाका, खाप्याले. वहिनीचा पाय मोडला तेव्हापासून ती आंगणात बसून गोधड्या शिवते, कुठी जात नाही. म्हटलं, विचार करू. विचार करू म्हणजे नाही, हे त्यांना समजायला हवं. खाप्यासारख्या गावात डॉग ट्रेनर आहे का? विषय संपला.

९ नोव्हेंबर, रविवार

पाहण्याचा कार्यक्रम. बेसा भागातलं स्थळ, उन्मेष आणि मुग्धा. दोघांना नोकरी, नवा फ्लॅट, लिफ्ट. अरुंधतीने तर्री पोहे केले. मुकादमने पंजा दिला, मुग्धाच्या पायाशी झोपला, अगदी सोज्वळ. निघायला उठले तशी त्याने उन्मेषची जीन्स धरली. मी म्हटलं, मुलाची पसंती आहे. हसले दोघं. लगेच घेऊन गेले, ताटलीसकट.

पहिल्याच फटक्यात जमलं. अनुभव शेवटी अनुभव असतो.

संध्याकाळी: घर शांत. फार बरं वाटतं आहे असं नाही, पण बरं वाटतं आहे.

११ नोव्हेंबर

परत आला. काल उन्मेषला रजा टाकावी लागली. आज त्यांनी युक्ती काढली, एकाने कुत्रा धरायचा, दुसऱ्याने सटकायचं. मग धरणाऱ्याने कसं निघायचं, हा विचार दोघा इंजिनिअरांनी केला नव्हता. उन्मेष म्हणाला, काका, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. मी बायोडाटा पुढे केला. थांबवून घेणारा, असं स्वच्छ लिहिलं आहे. दिवसभर कुलूपच लावायचं तर माणसाने फ्लॅट घ्यावा कशाला?

तिकडे दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही म्हणे. इथे आला आणि तीन पोळ्या खाल्ल्या. दोष स्थळाचाच.

१५ नोव्हेंबर

इंटरनेटवरचा ट्रेनर सांगतो: बाहेर जा, मिनिटात परत या, हळूहळू वेळ वाढवा, कुत्र्याला खात्री पटते. आज बावीस वेळा गेलो. म्हणजे निघालो. दर वेळी धरलं. निरीक्षण: माझा पायजमा सगळ्यात घट्ट धरतो. अरुंधतीची साडी त्या मानाने सैल.

शेजारच्या प्रेमलताबाईंनी अरुंधतीला विचारलं, भाऊजींचं फाटकाजवळ काही हरवलं का.

मॉर्निंग वॉक: नाही. कारण वरीलप्रमाणे.

२२ नोव्हेंबर

ट्रेनिंग तात्पुरतं बंद. गुडघा.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, एक समोसा. साडेचारला सगळे पसार. शिपाई पंखे बंद करून दाराशी उभा, साहेब निघता का म्हणून. आणि इथे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची म्हटलं तरी विरोध. असो. हे विषयांतर झालं.

३ डिसेंबर

स्थळ क्रमांक दोन. सुशील, प्रताप नगरातच कोचिंग क्लास चालवतो. आमच्यापासून चौथी गल्ली. जाता-येता लक्ष ठेवता येईल. मला त्याची गरज नाही, मुकादमच्या दृष्टीने म्हणतो.

६ डिसेंबर

परत. पहिल्या बॅचची मुलं बाहेर पडेनात, दुसऱ्या बॅचची आत मावेनात. सुशील म्हणाला, पहिल्या दिवशी पालक खूश होते, सर जास्त वेळ शिकवून राहिले म्हणून. दुसऱ्या दिवशी एकाची फुलपँट फाटली.

मुदतीला पंचवीस दिवस. घाबरलेलो नाही.

१४ डिसेंबर

स्थळ क्रमांक तीन. सिव्हिल लाइन्समधलं जोडपं, दोघं निवृत्त, दिवसभर घरी, बाग आहे, आधी तीन कुत्रे सांभाळलेले. मी नकार दिला. त्यांनी मुकादमला कम हिअर म्हटलं. त्याला मराठी समजतं. भाषेचा प्रश्न गंभीर आहे.

ते गेल्यावर, म्हणजे मुकादमने त्यांना सोडल्यावर, अरुंधती म्हणाली, तुम्हाला तो द्यायचाच नाही. हास्यास्पद. मी कुत्र्यांचा माणूसच नाही. मग ती म्हणाली, ठेवायचा असेल तर तसं सरळ म्हणा, मी नोकरी सोडते आणि तिघं बसून राहू. तिच्या नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत.

२६ डिसेंबर

अरुंधतीने संस्थेला स्वतः फोन केला. १ तारखेला पिंजरा रिकामा होतो. तो माणूस म्हणाला, मागच्यासारखं खाणं सोडलं तर सलाईन लावू, त्याउप्पर आमच्या हातात नाही.

दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. मुकादम मागे मागे. मी थांबलो की थांबतो.

शेवटी शोभाताईंना विचारलं, भावाचं घर कसं आहे. त्या म्हणाल्या, आता विचारून राहिले का काकाजी, दोन महिने झाले मी सांगून राहिली.

२८ डिसेंबर, रविवार

खापा. जाताना सुशीलची कार, येताना बस. शोभाताईंचे भाऊ शालिकराम, वहिनी रुखमाबाई. शेत घराला लागून. अंगणात गोधड्यांचा ढीग. बायोडाटा काढलाच नाही, खरं सांगून टाकलं: हा कोणाला जाऊ देत नाही. रुखमाबाई म्हणाल्या, मंग बरंच आहे, मले तरी कुठी जाच आहे.

निघताना मुकादमने पँट अशी धरली की शालिकरामना दोन्ही हातांनी सोडवावी लागली. रस्त्यापर्यंत त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. मला चालवेना.

आठ दिवसांत त्यांचाच फोन येईल, घेऊन जा म्हणून. लिहून ठेवतो.

५ जानेवारी

फोन आला नाही. मी केला. शालिकराम म्हणाले, खाते ना, दोन टाइम भाकर खाते. विश्वास नाही. खेड्यातली माणसं भिडस्त, खरं सांगायची नाहीत.

१९ जानेवारी

पुन्हा फोन. रुखमाबाई म्हणाल्या, बाळ्या मस्त आहे, काई काळजी नका करू भाऊ. बाळ्या कोण, असं मी विचारलं.

मॉर्निंग वॉक: थंडी.

२ फेब्रुवारी

अरुंधती वेळेवर ऑफिसला जाते. शोभाताई वेळेवर जातात. आज पोस्टमनसुद्धा दोन मिनिटांत गेला. घरात कोणी टिकतच नाही.

७ फेब्रुवारी

निर्णय झाला. त्याला परत आणायचा. तो तिथे झुरतो आहे, माणसं सांगत नाहीत. अरुंधतीची उशिराची अडचण मी सोडवीन, ती निघताना मी त्याला धरून बसेन. इतकं सोपं होतं, सुचलं नाही.

तरी अन्याय नको. उद्या खाप्याला जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, उठायचं. त्याने मला धरलं की आणायचा. नाही धरलं तर, पण तो प्रश्न येत नाही. नवा पट्टा घेतला. अरुंधतीला सांगितलं, भेटून येतो.

८ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ७.३०

गेलो. फाटकातच धावत आला, अंगावर उड्या, तोंड चाटलं. अंगाने भरला आहे. मी मुकादम म्हटलं तेव्हा पाहिलं, रुखमाबाईंनी बाळ्या म्हटलं तेव्हा गेला.

चहा झाला. शेजारची एक बाई गोधडी घेऊन गेली, त्याने मान वर केली, बस. मी मनात म्हटलं, परकी बाई.

मी उठलो. म्हटलं, येतो. त्याने शेपटी हलवली आणि रुखमाबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

फाटकापर्यंत हळू गेलो. चष्मा राहिला म्हणून परत आलो. चष्मा मीच ठेवला होता. पुन्हा उठलो. शेपटी. मग पाणी मागितलं. मग शालिकरामना हरभरा कसा आहे विचारलं. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तो झोपला होता. रुखमाबाई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही जाऊन राहिले का राहून राहिले?

शालिकराम फाटकाशी म्हणाले, महिना झाला, कोणालेच नाही धरत. त्याले समजलं, माणूस गेला तरी घर रिकामं नाही होत. मी म्हटलं, ट्रेनिंगचा परिणाम आहे. ते हो म्हणाले.

पट्टा पिशवीतून काढलाच नाही. सव्वापाचची बस वेळेवर आली, खिडकीची जागा मिळाली. फार वाईट वाटलं. सावनेरपर्यंत वाटलं, नंतरही वाटलं.

अरुंधतीने विचारलं, कसा आहे. म्हटलं, उत्तम. स्थळ चांगलं निघालं. सवय गेली त्याची, आता कोणालाच धरत नाही.

ती म्हणाली, तुम्हालाही?

म्हटलं, मलाही.