कोठीपुढची घंटी

बा, मागच्या महिन्यात तुझ्या नातवानं यवतमाळच्या या घरात चोरासाठी यंत्रं बसवून घेतली. बैठकीत एक, जिन्यात एक, स्वयंपाकघरात एक. छताखाली कोपऱ्यात साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. समोर कोणी हललं की तिच्यात लाल दिवा लागतो, आणि घर बंद असताना हललं तर भोंगा वाजून नागपुरात त्याच्या मोबाइलवर खबर जाते. बसवणाऱ्या पोरानं शिडीवरूनच विचारलं, आजी, घरात मांजर आहे का. मी म्हटलं, मांजराचं राहू दे, चोर कोण हे याला कसं कळतं? तो म्हणाला, याला नुसतं हललेलं कळतं, कोण हललं ते माणसानं जाऊन बघायचं. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. स्वयंपाकघरातून चोर काय नेणार, हेही मला कळत नाही. मुलगा म्हणतो, मागचं दार तिकडे आहे म्हणून. असेलही. माझा त्याच्यावर अर्धाच विश्वास आहे, आणि हा स्वभाव कोणाकडून आला ते तुला सांगायला नको.

हाच मुलगा तेव्हा मांडीवरचा होता. पहिलं बाळंतपण करून मी अजून बाभुळगावला, तुमच्याकडेच होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. घरातले देव तू स्वतः नदीत सोडले होतेस, आणि वस्तीत कोणी चोरून देव ठेवलाय असं कानावर आलं की समजवायला तूच जायचास. तू यवतमाळला कापसाच्या जिनात फिटर, रविवारी घरी यायचास. पोराला ताप चढला, अंगावर गोवर उमटला, डॉक्टरचं औषध सुरू झालं, आणि तू रजा टाकून आलास. जेवायला बसलास, पहिला घास घेतलास आणि थांबलास. वरणाला फोडणी नव्हती.

लेकराच्या अंगावर देवी आली की घरात फोडणी द्यायची नाही, तिला तेलाचा चटका सोसत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. ती तुलाही माहीत होती आणि मलाही. फोडणी काहून नाही, एवढंच तू विचारलंस. "पोराले धुरानं ठसका लागते," माय म्हणाली. ती तुझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तू धान्याच्या खोलीत काम काढलंस. कोठीसमोर गोणपाटाखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या, मधे सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे पाय पडला की पट्ट्या टेकणार. भिंतीच्या कडेनं वायर ओसरीपर्यंत, तिथे टॉर्चचे सेल आणि जिनातून आणलेली घंटी. शेजाऱ्यांना सांगितलंस, चोर लय झाले. आपल्या घरात नेण्यासारखी होती ती कोठीतली ज्वारी. मायनं त्या कोठीत देव लपवलाय असं तुला वाटत होतं, हे मला लगेच उमगलं. तो सापडला असता तर वस्तीत तुझा शब्द गेला असता, आणि मायला तू घरात ठेवलं असतंस की नाही कोण जाणे. मीही तिच्यावर डोळा ठेवू लागले. वाईट याचं वाटतं की मनातून मला वाटत होतं, ठेवला असेल तर बरंच आहे. पोर इतकं तापलं होतं.

दुपारी घंटी वाजली. तू धावलास, पोराला घेऊन तुझ्यामागे मी. माय कोठीला टेकून बसली होती, पदराचा बोळा तोंडात. हात रिकामे. तू कोठीमागे पाहिलंस, मग ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून ढवळलंस. तिनं तुला सगळं शोधू दिलं. मग म्हणाली, "रडाले आलती. पोरीपुढं रडता येत नाही. आता रडाले बी तुमाले इचारू काय?"

तू वायर ओढून काढलीस आणि घंटी पिशवीत टाकलीस. संध्याकाळी मायनं मुद्दाम चुलीवर तेल ठेवलं, तुला दिसेल असं. मोहरीचा डबा उघडला. तेवढ्यात ओसरीवरून तुझा आवाज आला. "राहू दे फोडणी. पोराले ठसका लागते."

पोर बरं झालं. औषधानं, असं सगळे म्हणाले, सगळ्यांत मोठ्यानं तू. पण तुझ्या त्या वाक्याचा मला आजवर संशय आहे. तू मायची माफी मागत होतास, की तेल तापायला लागलं तसा तूही घाबरलास? तू असेपर्यंत विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तू जेवणावरून उठून गेला असतास.

परवा इथे माझ्या पणतूला ताप आला, अंगावर पुरळ उठलं. नातसुनेला मीच दामटून डॉक्टरकडे पाठवलं. ती दोघं परत येईपर्यंत वरण शिजवलं, पळीत तेल ओतलं, गॅसवर धरलं आणि गॅस बंद केला. कोपऱ्यात लाल दिवा लागला. मी त्याच्याकडे पाठ केली. जेवताना नातसून म्हणाली, आजी, आज वरणाला फोडणी नाही? मी म्हटलं, धुरानं त्याले ठसका लागते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून सांगते, बा. या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर धूर ओढून घेणारी चिमणी आहे. इथे ठसका कोणालाच लागत नाही.