एका घरात दोन मेहिटेबल

बॉस्टन, २२ फेब्रुवारी १७१५

लाडक्या मेहिटेबल,

देव तुला सुखात ठेवो. आई-बाबांना माझा नमस्कार सांग. मी खुशाल आहे. स्वतःचंच नाव पत्रावर लिहून खाली ख्यालीखुशाली कळवायची, म्हणजे आरशाशी गप्पा मारल्यासारखं वाटतं. तू हसशील.

टफ्ट्सबाईंकडे शिवणकाम भरपूर आहे. म्हातारी कंजूष आहे, आठवडाभर खारवलेला मासा वाढते, पण मारत नाही. दिवसभरात मला ऐकू येतं ते एवढंच: "दोरा संपला का गं?" रविवारी प्रार्थनेला माझ्या बाकावर कुणी बसत नाही. फ्रेंचांत दहा वर्षं राहिलेली मुलगी, तिचा वारा लागला तर? ऐसपैस बसते मी. थंडी फार वाजते.

गाडीवाल्याबरोबर तुझी चिठ्ठी आली. त्याच्याकडेच आईने चर्चच्या पाळकांकरवी मला दिलेला निरोपही मिळाला. "वसंतात घरी ये, पण एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, तू पेशन्स हे नाव घे."

आणि तू लिहितेस, "ताई, तुझं नाव तू परत घे. मी पेशन्स होते. मला काही वाटणार नाही. फक्त मला काज करायला शिकव." वेडाबाई.

मी परत आले तो दिवस आठवतो तुला? आई चुलीपाशी होती. मला बघून रडली, पोटाशी धरलं, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसून म्हणाली, "मेहिटेबल, पाणी आण गं." मी बादली उचलली.

"तू नव्हे," आई म्हणाली. "ती."

तू बाकामागून बाहेर आलीस आणि माझ्या हातून बादली घेतलीस. तोपर्यंत तू जन्मली आहेस हेही मला ठाऊक नव्हतं. पुढे दोन महिने आई मला "ए पोरी" म्हणायची, मोलकरणीला म्हणतात तसं. मग मला इथे शिवण शिकायला धाडलं.

आईने रीतच पाळली. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायचं, आपल्या दोन सॅम्युएल भावांचं केलं तसं. गावावरच्या फ्रेंचांच्या हल्ल्यानंतर आम्हाला कैद करून बर्फातून उत्तरेकडे हाकत नेलं, तेव्हा शेजारचे कॉल्डवेलकाका वाटेत निसटले. मुलगी बर्फात पडली ती उठली नाही, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. खोटं नाही सांगितलं त्यांनी. मी पडले होते. मला धरून नेणाऱ्यांपैकीच एकाने मग पाठीवर घेतलं, ते बघायला काका थांबले नव्हते. वर्षाच्या आत तू झालीस. आईवर माझा राग नाही.

आहे. खूप आहे. पण तिला सांगू नकोस.

तिकडे मला मारी म्हणायचे. परक्यांनी नाव बदललं, ते मी सोसलं, कारण इकडे आई माझं खरं नाव घेऊन रडत असेल असं वाटायचं. ती तर ते नाव घेऊन तुला जेवायला बोलावत होती. आता आईच्या हातून तिसरं नाव मी घेणार नाही. म्हणून मी येत नाही. पाळकांना वेगळं कळवते आहे, तू घरात काही बोलू नकोस.

नाव तुलाच राहू दे. तुला शोभतं. त्या नावाच्या हाकेला ओ देताना तुझा आवाज कसा खणखणीत निघतो, माझा इतक्या वर्षांत कधी निघाला नाही. काजं करायला तू इकडे ये, मोठी झालीस की. टफ्ट्सबाई कुरकुरतील, मी बघून घेईन. तू आलीस तर फार बरं वाटेल गं मला.

एकच मागणं आहे. उद्या कुणी येऊन सांगितलं, की तुझी बहीण बॉस्टनला वारली, तर लगेच खरं मानू नकोस. थोडी वाट बघ.

तुझी थोरली,
अजून जिवंत असलेली