मालन राऊळचे शंभर गुण

प्रति,
मा. परीक्षा सचिव,
बालसंस्कार धर्मपरीक्षा मंडळ,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई ४०० ०५७.

विषय : कु. मालन सहदेव राऊळ हिचे यंदाचे शंभर गुण तिच्या गेल्या वर्षीच्या शून्याच्या जागी लावण्याबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनाचे पत्र, दि. ५ जानेवारी १९८७.

महोदय,

अर्जदार श्रीमती पद्मजा करंदीकर घाटकोपरच्या भटवाडीत दर रविवारी मुलांचा संस्कारवर्ग घेते. गेल्या वर्षापर्यंत केंद्राच्या उत्तरपत्रिकाही तीच तपासत असे, आणि तिथेच तिच्या हातून पाप घडले.

१. शंभर गुणांचा एकच प्रश्न होता, सत्यनारायणाच्या कथेवरून काय बोध मिळतो? कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली म्हणून त्याची नौका बुडाली, हे मुलांना तोंडपाठ. मालनने लिहिले : 'माझा काका मालवणला खलाशी आहे. शेठाणीने प्रसाद घेतला नाही तर खलाशांनी का बुडायचं? देवाला ते दिसले नाहीत का?'

२. अर्जदारास याचे उत्तर येत नव्हते. तसे सरळ सांगता आले असते. पण वर्गाच्या बाई असल्याचा तोरा आडवा आला. तिने शून्य देऊन तांबड्या शाईने 'आगाऊ' असा शेरा मारला, उत्तर भर वर्गात वाचून मुलांना खदखदून हसू दिले आणि मालनला पुस्तकातले उत्तर पंचवीस वेळा लिहून आणायला लावले. ती उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे.

३. यंदा तपासणी आपल्याकडे गेली. प्रश्न तोच आला. मालनने ते गिरवलेले उत्तर उतरवले आणि उपनगरांत पहिली आली. राऊळांनी चाळभर पेढे वाटले. अर्जदाराने आपल्या वाट्याचा पेढा तसाच ठेवून दिला. हे गुण तिच्या धाकाचे आहेत, मुलीचे नव्हेत.

४. मन खात होते, म्हणून गेल्या रविवारी अर्जदाराने मुद्दाम चुकीची गोष्ट सांगितली, की श्रावणबाळाला रावणाने बाण मारला. जानकी नावाची मुलगी ओरडलीच, 'ओ बाई, काय पण! दशरथाने ना!' मालन मात्र खाली मान घालून लिहीत होती. बरोबर आहे का गं हे, असे तिला विचारले. ती म्हणाली, 'तुम्ही सांगितलंत ना बाई.'

तरी विषयात म्हटल्याप्रमाणे गुण फिरवावेत, म्हणजे बक्षीस मालनकडेच राहील, आणि अर्जदारास केंद्रावरून दूर करावे. तसेच खलाशांबद्दलचे उत्तर मंडळास ठाऊक असल्यास कळवावे. नसल्यास 'आम्हांस ठाऊक नाही' एवढे मंडळाच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावे, ही कळकळीची विनंती. अर्जदाराने नुसते तोंडी सांगितले तर मालन तेही निमूटपणे वहीत उतरवून घेईल.

आपली नम्र आणि कसूरदार,
पद्मजा करंदीकर
घाटकोपर, दि. १४ जानेवारी १९८७