सुकेळी घेऊन कोरियाला

९ ऑक्टोबर २०२५

पहिली आली ती फ्लॉसी! दुसरं कोण येणार? पासपोर्ट अजून कपाटात ठेवलासुद्धा नव्हता, तोवर कुंपणावरून आवाज — "अगो, कोरियाला चाललीस म्हणे! कुठल्या? त्यातला एक वाईट आहे हां!" मी म्हटलं, मी चांगल्याला चालले, नातीच्या. फेलिशिया दोन वर्षं झाली तिथे शिकते, ती नेते आहे मला. फ्लॉसी दोन कप चहा पिऊन बसली ती बसलीच. तिथे काड्यांनी जेवतात म्हणे, "तू आत्तापासून सराव कर, झाडूच्या हिरांनी!" जाताना माझी चार लिंबं तोडून घेऊन गेली. असो.

रात्री जेवताना कॉन्रॅडनं काढलंच. सातिवलीच्या कारखान्यातून दमून आला होता, ओरडून नाही बोलला. "आय, नाताळ झाला की राजेळी काढून टाकू. कागडा लावू त्या जागी, फुलाला रोज गिऱ्हाईक असतं. तुझे गुडघे गेले. सुकेळी करणार कोण?"

राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात सुकवायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची, वाळल्या पानात बांधायची. मला सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. आमच्या आळीत आता मी एकटी. सून ॲंजेला शाळेत शिकवते, बाई भली, पण सुकेळ्याला हात लावत नाही.

फेलिशिया फोनवर म्हणाली, "आजी, इथे एक गाव आहे, अख्खं गाव फळं सुकवतं. ये, बघ, मग पप्पांना काय ते सांग."

१९ ऑक्टोबर

बॅग भरली. सुकेळ्यांच्या दहा पुड्या, लोणचं, जपमाळ, दोन स्वेटर. ॲंजेलानं पायमोजे घातले आत. मला न विचारता. बरं केलं.

२३ ऑक्टोबर

पोचले!! कान दुखतायत. फ्लॉसीनं कानात घालायला दिलेला कापूस काही कामाला आला नाही.

फेलिशियाच्या खोलीतली जमीन गरम आहे! खालून गरम पाणी फिरतं म्हणे. मी तर त्या जमिनीवर अशी आडवी झाले, की फेलिशियानं तीनदा हाक मारली तरी उठले नाही. गुडघ्यांना इतकं बरं वाटलं! आमच्या वसईत असं काढलं तर उन्हाळ्यात मरू, ते वेगळं.

२५ ऑक्टोबर

आज आन्दोंगजवळचं हाहवे गाव पाहिलं. जुनं गाव, आणि नदी त्याला अशी वळसा घालून जाते, जशी बाई पदर खोचते. गवताची छपरं. त्यांच्यावर भोपळे! मला वाटलं नाटकासाठी ठेवलेत, पण नाही, माणसं राहतात आत. एका आजीनं दारातून हात केला, मीपण केला.

मुखवट्यांचा नाच झाला. लाकडी मुखवटे, हनुवटी दोरीनं वेगळी बांधलेली. नाचणाऱ्यानं मान वर केली की मुखवटा हसतो, खाली घातली की रागावतो. आमच्या कॉन्रॅडचं उलट — मान खाली घालून मोबाईल बघताना तेवढा हसतो. फेलिशिया इतकी हसली की शेजारचे बघायला लागले.

जेवायला खारवलेला बांगडा! समुद्र लांब, मासा पोचेपर्यंत खराब व्हायचा, म्हणून मीठ लावून आणायची पद्धत. अगं, हे तर आपलंच की! काट्यासकट चोखून खाल्ला. काड्या बाजूला ठेवल्या. लाज कसली?

२७ ऑक्टोबर

मुंग्योंगची खिंड. डोंगर पेटल्यासारखे लाल-पिवळे! पानं पडायच्या आधी एवढा थाट करतात. आणि लोक मुद्दाम अनवाणी चालतात त्या मातीच्या वाटेवर, तब्येतीला चांगलं म्हणून. सूटबूटवाले बूट हातात धरून! मी म्हटलं, आम्ही लहानपणी शाळेत असेच जायचो, तेव्हा कोणी बघायला आलं नाही. मीपण चपला काढल्या. दगडी दरवाजापर्यंत गेले. गुडघे कुरकुरले नाहीत. देवाची कृपा.

२९ ऑक्टोबर

आज ते गाव. सांग्जू.

पर्सिमन नावाचं फळ, मोठ्या टोमॅटोएवढं, भगवं. सोलून, दोरीला अडकवून, उघड्या शेडमध्ये माळा लावतात. घरोघर! आत शिरले आणि मला रडूच आलं, असा तो रंग. पडदेच पडदे.

आम्ही उतरलो ते ओकबूनकडे. माझ्याच वयाची, अठ्ठ्याहत्तर, नवरा नाही, सून-मुलगा शहरात राहतात. फेलिशिया चर्चच्या पोरांबरोबर हिच्याकडे फळं सोलायला येते, म्हणून ओळख. मी सुकेळ्याची पुडी दिली. तिनं पान हुंगलं, गाठ सोडली — कापली नाही, सोडली! एक तोंडात टाकून डोळे मिटले. मग फेलिशियाला काहीतरी विचारलं.

"आजी, त्या विचारतात, तुझ्यानंतर हे कोण करणार?"

एवढ्या लांब आले तरी तोच प्रश्न.

३० ऑक्टोबर

ओकबून औषधं आणायला तालुक्याला गेली, फेलिशिया तिला घेऊन. मी एकटी. दिवेलागण झाली. थंडी पडली. माळा तशाच बाहेर! म्हटलं, विसरली बिचारी. दव पडलं की काळं पडणार सगळं. हात स्वस्थ बसेनात. पुढच्या दहा-बारा माळा उतरवल्या, माझ्या खोलीत मांडल्या, इथलीही जमीन गरम, वर रजई घातली. कंबर मोडली. पण कसं समाधान! त्या आल्या तेव्हा काही बोलले नाही. सकाळी दाखवीन, खूश होईल ओकबून.

३१ ऑक्टोबर

काय करून बसले मी!

सकाळी रजई काढली तर ताडीसारखा आंबूस वास. फळं घामेजली होती, बोट लावलं की आत जात होतं. फेलिशिया पांढरी पडली. "आजी! त्यांना थंडीच लागते गं! थंडीनंच गोड होतात. रात्री आत नाही घेत!"

ओकबून दारात उभी. एक फळ उचललं, बघितलं, ठेवलं. आणि निघून गेली.

मी रडले. मनात म्हटलं, घरी जाते आणि कॉन्रॅडला सांगते, काप बाबा राजेळी. ज्या हातांना कुठे काय करायचं कळत नाही, त्यांनी गप्प मांडीवर बसावं.

तासानं ओकबून आली, मातीची मोठी बरणी घेऊन. सगळी फळं त्यात ओतली. व्हिनेगर होईल म्हणाली. मग माझा हात धरून शेडमध्ये नेलं, दोघी थंडीत उभ्या. ती बोलत होती, फेलिशिया सांगत होती — "माझी सून वीस वर्षं येते या घरात. पाऊस आला तरी तिच्या हाताला कधी घाई सुटली नाही. फळं गेली तर गेली. तुझ्यासारखे हात कुठून आणू?"

मी आणखीच रडले. ती हसली. दात नाहीत पुढचे.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. पहिल्यांदा मी आमच्या ह्यांच्या कबरीवर नाही. पण ॲंजेलानं फोटो पाठवला, मेणबत्त्या, झेंडूचा हार, सगळं जागच्या जागी.

ओकबूनच्या चर्चमध्ये मिस्साला गेलो. बायका डोक्यावर पांढरी जाळी घेतात. शब्द कळले नाहीत, पण कुठे गुडघे टेकायचे ते कळतंच. मग टेकडीवर तिच्या नवऱ्याची कबर. गोल, गवताची, पालथ्या टोपलीसारखी. तिथे बसलो.

ती म्हणाली, तुझी सून का करत नाही?

मी म्हटलं, तिला आवडत नाही.

"ती तसं म्हणाली?"

म्हणाली नाही कधी! लग्न होऊन आली त्या पहिल्या थंडीत ॲंजेला मांडवापाशी आली होती, बाह्या सारून. मीच म्हटलं, "राहू दे. तुझे हात घामट, केळी काळी पडतील." तेवीस वर्षं झाली.

ओकबूननं कबरीवरचं वाळकं गवत उपटलं. मग म्हणाली, मी माझ्या सुनेला म्हटलं होतं, तुझी नखं मोठी.

दोघी तिथलं गवत उपटत राहिलो.

४ नोव्हेंबर

सांग्जूहून निघाले, आता थोडे दिवस फेलिशियाच्या खोलीवर. ओकबूननं गळ्यात हात टाकला. केळी बघायला येईन म्हणाली. सगळेच म्हणतात.

१५ नोव्हेंबर

काल घरी पोचले. फ्लॉसीला सगळं आधी ऐकायचं होतं. नाही सांगितलं! आधी ॲंजेलाकडे गेले. शाळेतून येऊन भांडी विसळत होती. म्हटलं, घड पिकलाय, ये, सोल माझ्याबरोबर.

ती वळून बघायला लागली. "आज माझे हात घामट नाहीत वाटतं?"

आठवत होतं तिला! माझी मान खाली. म्हटलं, असू देत घामट. पुसून घे. चुकलं माझं.

तिनं नळ बंद केला. हात पुसले. नीट, दोन्ही बाजूंनी.

२४ नोव्हेंबर

ॲंजेलाची पहिली सुकेळी. काळी, वाकडी, अर्धी चिकट. जीभ चावून बसले. चव बरी आहे, खरं सांगते.

१६ डिसेंबर

दुसरी खेप चांगली! ॲंजेला शाळेत घेऊन गेली. तिथल्या बाकीच्या शिक्षिकांनी मागून घेतली म्हणे.

२९ डिसेंबर

झाडं तोडणारा चांदीपचा दिनानाथ आला, कोयता घेऊन. कॉन्रॅडनंच बोलावलेला. मी काही म्हणणार, तोवर ॲंजेला चहा घेऊन बाहेर. "दिनानाथ, चहा प्या. राजेळीला हात लावायचा नाही. मी करणार आहे सुकेळी." कॉन्रॅड — "तू? कधीपासून?" ती म्हणाली, तेवीस वर्षांपासून. फक्त जागा मिळत नव्हती.

कॉन्रॅड माझ्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो. "दोघी एक झालात तर मी कुठे जाऊ?" दिनानाथ म्हणाला, "नारळ तरी पाडून जातो."

११ जानेवारी २०२६

ओकबूनचा निरोप आला. १२ एप्रिल, ईस्टरनंतरचा रविवार — त्या दिवशी नक्की येणार. एकटी नाही. सुनेला घेऊन.