बायजीची फणी

प्रिय वर्षा,

डहाणूजवळ नरपडला येऊन मला आठ महिने झाले. चिकूच्या वाडीत दोन खोल्या घेतल्यात. एकीत मी राहते, दुसरीत माझ्या तारा नि यंत्रं. आई म्हणते, इंजिनिअर झालीस, मेंदूचं एवढं शिकलीस, आणि शेवटी फण्या करत बसलीस! खरंच बसलेय, आणि मजेत आहे.

हे सगळं बायजीमुळे. तलासरीजवळच्या पाड्यावरची, आपल्याच वयाची. तिला फिट यायच्या. घरचे चुलीपाशी बसू देत नसत, विहिरीवर एकटीला सोडत नसत. मेंदूचा आलेख दोनदा काढला, दोन्ही वेळा नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. तिचे केस दाट, कुरळे, तेल चोपडलेले; आलेखासाठी डोक्यावर चढवतात त्या टोपीतले सेन्सर कातडीला टेकतच नव्हते. कुणीतरी सांगितलं, डोकं भादरून ये. ती उठली ती थेट घरी.

हे कानावर आलं म्हणून मी टोपी घेऊन पाड्यावर गेले, तेव्हा म्हणाली, "मशिनीला माझे केस नाय समजत, तर मशीन बदला ना!" तासभर मी टोपी दाबून पाहिली. शेवटी वैतागून तिने फणी घेतली, केसांचे बारीक भांग पाडले आणि म्हणाली, "आधी वाट करायची, बाई. मग आत शिरायचं."

त्याच आठवड्यात मी फणीच्या दातांना सेन्सर बसवले. अकरा फण्या फुकट गेल्या. एक टोचली तेव्हा माझा हात झटकून ती आधी ओरडली, मग हसली. बारावीने स्वच्छ आलेख दिला. तो पाहून डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. चार महिन्यांत एकही फिट नाही. परवा ती एकटी एसटीने डहाणूला आली, तिचा नवरा लाहू सारखा फोन करत होता, आणि ही मुद्दाम उचलत नव्हती!

वर्षा, आपल्या त्या शोधनिबंधात मेंदूच्या आलेखांच्या एकोणचाळीस नोंदी "खराब" म्हणून वगळल्या होत्या. मी जुनी यादी काढून पाहिली. त्यांत छत्तीस बायका; बायजीसारखेच केस आड आले असणार. तू तेव्हा विचारलं होतंस, या बायकाच कशा गं? मीच म्हणाले होते, मुदत उद्याची आहे, काढून टाक. निबंध छापणाऱ्या नियतकालिकासाठी दुरुस्तीचं पत्र लिहून सोबत जोडलंय. निर्णय माझा होता, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुझी बढती तोंडावर आहे, म्हणून तुला न सांगता पाठवलं नाही. पण पाठवणार आहे. माझी सही केलीय. शेजारी तुझ्यापुरती जागा ठेवलीय.

तुझीच,
दीप्ती