बशीतला पडदा

नोव्ही साद,
३ डिसेंबर २०१९

प्रिय रेल्यादादा,

तुझ्या बशीतलं पाणी आज सकाळीही बदललं. येत्या आठवड्यात या रोजच्या कामाला दोन वर्षं होतील. तू प्रयोगशाळा सोडलीस तेव्हा तुझं बाकी सगळं सामान खोक्यात भरलं गेलं. खिडकीतली ही काचेची बशी तेवढी मागे राहिली. तिच्यावर तुझ्या अक्षरातली तारीख आहे आणि पाण्याखाली तू गाळून केलेला नाण्याएवढा तपकिरी पडदा. मी ती मायेनं ठेवली असं तुला वाटेल, पण तसं नाही. तो पडदा पाण्यात विरघळावा म्हणून मी वाट पाहत होते. रोज कोट काढायच्या आधी खिडकीशी जायचे. तो तसाच असायचा, अखंड.

आई बरी आहे. तिकडे घरी, झ्रेन्यानिनच्या नळाला अजून तेच पिवळसर, आर्सेनिकचं पाणी येतं, त्यामुळे चाकाच्या पिशवीत कॅन घालून चांगल्या पाण्यासाठी तिच्या फेऱ्या चालूच आहेत. फाटकात शेजारची रोझिकामावशी उभी असतेच. "घरात दोन-दोन शास्त्रज्ञ, आणि पाणी ओढायला ही म्हातारी! त्यापेक्षा एक गाढव पाळलं असतं तर?" तू असताना लगेच गाढवासारखा ओरडून दाखवायचास आणि ती चप्पल उगारायची. हल्ली 'दोन' म्हणताच ती जीभ चावते आणि माझ्याकडे बघत नाही. गेल्या वर्षी संत निकोलाच्या दिवशी आईनं तुझं ताट मांडलं, त्यात कोबीच्या पानातलं सार्मा वाढलं आणि ते तिथंच निवलं. जेवताना ती मला म्हणाली, "तू खरं तेच बोललीस ना? मग तुझ्या घशाखाली घास का उतरत नाही?" मी मीठ मागितलं. परदेशात, लिंझच्या ज्या गोदामात तू आता आहेस, तिथं ऊब असते, काम बरं आहे, एवढं तू तिला फोनवर सांगतोस. माझी चौकशी करतोस की नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

मला अलीकडे सारखं आपलं तळघर आठवतं. नव्याण्णव सालचा वसंत, बॉम्बहल्ले चालू, शाळा बंद, आणि मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये तू भरवलेली शाळा. तू चौदा वर्षांचा, मी आठ. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालून तू मला वही दिलीस. मी लिहिलं, 'मेणबत्ती घाबरली.' तू ते खोडलंस. "दिसलं ते लिही, वाटलं ते नको." दुसऱ्या दिवशी मी पेल्याला गेलेला तडा लिहिला नाही, मला तो क्षुल्लक वाटला. तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "काय क्षुल्लक ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण, प्राध्यापिकाबाई?" तेव्हापासून मी वहीत खोलीचं तापमान लिहिते, बाहेर पाऊस असला तर तोही लिहिते. इथले लोक हसतात.

तुझ्या पडद्यांवर मात्र कुणी हसलं नव्हतं. पेन्सिलीतल्या काळ्या शिशाचे अणूइतके पातळ पापुद्रे तू पाण्यात सोडायचास, ते तपकिरी पाणी गाळणीच्या चकतीतून ओढायचास, आणि चकतीवर पुस्तकाच्या पानांसारखी त्यांची चळत बसायची. पानांच्या फटींतून पाणी जाईल, आर्सेनिक अडकेल. "आईची ती पिशवी मी एक दिवस जाळणार आहे," म्हणायचास. असे पडदे पाण्यात सुटून येतात हीच सगळ्यांची रड होती, आणि तुझे टिकायचे. म्हणून आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख तेर्झिचबाईंनी पडताळणीसाठी मला तेच पडदे पुन्हा करायला सांगितले. मी सहा केले. तासाभरात सहाही ओल्या बिस्किटासारखे विरले. बाईंनी विचारलं, "यागोदा, सगळं त्याच्यासारखंच केलंस ना?" मी हो म्हटलं. तू प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात थांबला होतास. "सहाच्या सहा?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, "सहाच्या सहा." तू मान हलवलीस. तुला खोटारडा कुणीच म्हटलं नाही. फक्त प्रयोगशाळेतल्या जेवणाच्या टेबलाशी तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

मग बाईंनी पाण्याचा नाद सोडला. आता आम्ही त्याच पापुद्र्यांत वीज साठवतो. त्यासाठीही तसेच पडदे गाळावे लागतात. सप्टेंबरात माझ्या प्लास्टिकच्या चकत्या संपल्या. कपाटात मागे एक खोकं सापडलं, त्यावर तुझं अक्षर: 'जपून, फुटतात.' आत पांढऱ्या, खडूसारख्या चकत्या. दिवस वाया जाऊ नये म्हणून एक वापरली आणि पडदा धुवायला पाण्यात टाकला. तो सुटला नाही. संध्याकाळपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही. मग दोन्ही तऱ्हांचे सहा-सहा केले. प्लास्टिकवरचे सगळे गेले, पांढऱ्यावरचे सगळे राहिले. तपासणीत कळलं, पांढऱ्या चकतीतलं ॲल्युमिनियम कणाकणानं पडद्यात उतरतं आणि पानं शिवल्यासारखी धरून ठेवतं. परदेशात कुणी हे आधीच छापलं होतं. आपण वाचलं नव्हतं. तू काही लपवलं नव्हतंस, दादा. पडदा कशानं टिकतो हे तुलाही ठाऊक नव्हतं, एवढंच.

इथवर मी बाईंनाही सांगितलं आहे. पुढचं फक्त तुला. ते खोकं मी सप्टेंबरात पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, त्या पहिल्या सकाळी, ते माझ्या टेबलावरच होतं. मी एक चकती उचलली, ती बोटांत मोडली, आणि मी प्लास्टिकची घेतली. हे लिहायला हवं, असं मनात आलं होतं. वहीत एकवीस अंश तापमान आहे, पाऊस आहे, चकती नाही. पडदे विरले तेव्हा पुन्हा मनात आलं. तरी बाईंना हो म्हटलं, बोळात तुलाही आकडा सांगितला. विसरले असं दोन वर्षं स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. एकदा तरी तू चुकावास, एवढंच मला हवं होतं. येत्या अकरा तारखेला आमच्या कामाची तपासणी करणारी समिती बसेल, तिथं वहीचं ते पान मी स्वतः वाचणार आहे, तुझी बशी शेजारी ठेवून. त्यानंतर मला इथं ठेवतील की नाही, माहीत नाही. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. एकोणीसला, संत निकोलाच्या दिवशी, आई पुन्हा तुझं ताट मांडेल. ये म्हणायचा हक्क मला नाही. आज त्या पानाखाली आजची तारीख घालून मी एक ओळ लिहिली: 'पांढरी चकती दिसली होती.' दिसलं ते तिथं लिहिलं, दादा. वाटलं ते तिथं चालत नाही, म्हणून इथं.

तुझीच,
यागोदा