दाराबाहेर ऐकलेलं मृत्युपत्र

दादा,

बाबा गेल्यावर तू फोनवर विचारलंस, "मृत्युपत्राचं सगळं रीतसर झालंय ना?" अगदी रीतसर झालंय. बाबांना जिना उतरवत नव्हता, म्हणून नोंदणी अधिकारी घरी आले होते. साक्षीला डॉक्टर आणि शेजारचे काका. घरच्यांचा दबाव नको म्हणून मला खोलीबाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं. नियमच आहे तसा. पण बाबा ठार बहिरे. अधिकारी ओरडून विचारत होते आणि बाबा त्याहून मोठ्याने उत्तरं देत होते. मी गॅसपाशी उभी होते, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"घर मुलाला?"

"मुलाला."

"आणि मुलगी? इतकी वर्षं तीच करतेय ना तुमचं?"

"तिला कशाला? ती कुठे जाणारेय?"

मग दार उघडलं. मी सगळ्यांना चहा दिला. बाबांच्या कपात साखर नेहमीसारखी अर्धाच चमचा.

रविवारी तुझी गिऱ्हाइकं घर बघायला येतील. पंखे पुसलेत, नळाचा वायसर बदललाय, किल्ल्या काकांकडे ठेवतेय. मृत्युपत्रात खोट काढायला जागा नाही. बाबांचा तेवढा एक अंदाज चुकला. मी उद्या निघतेय, मैत्रिणीच्या गावी खोली घेतलीय.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तू फोन करून म्हणशील, "अगं, थांब ना." आणि मी थांबेन.

तुझी,
धाकटी